पाचवा क्रॉस, पण कोणत्या ब्लॉकातला?

कोरमंगलात रिक्षावाल्याला नुसतं 'फिफ्थ क्रॉस' म्हणालात, तर मीटरचा विषय निघायच्या आधी तो विचारतो, "याव ब्लॉक?", म्हणजे कोणता ब्लॉक? त्याचं बरोबरच आहे. पाचव्या ब्लॉकात पाचवा क्रॉस आहे, तसा सहाव्यातही आहे. इथले ब्लॉक आठ आणि क्रॉस (आडवे रस्ते) नि मेन (उभे रस्ते) यांची मोजदाद ब्लॉकागणिक नव्यानं सुरू होते. ऐंशी फूट रस्ता नि शंभर फूट रस्ता इथं आहेत, तसे इंदिरानगरातही आहेत. 'सोनी वर्ल्ड सिग्नल' हे नाव एका दुकानावरून पडलं आणि लोकांनी तेच पक्कं केलं. रोजच्या जगण्यात यानं फारसं अडत नाही. फार तर मागवलेला डोसा थंड होऊन येतो. अडतं ते सायकलवरून पडलेल्या मुलाकडे ॲम्ब्युलन्स पाठवायची असते तेव्हा.

मी हौशी रेडिओ चालवणारा, म्हणजे हॅम. बेळगावहून नोकरीसाठी आलो आणि कोरमंगलातच रमलो. या छंदाला बंगळूरइतकं पोषक शहर देशात क्वचितच सापडेल. बंगळूर ॲमॅच्युअर रेडिओ क्लब इथला, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हॅम्स इथली, आणि इस्रोच्या उपग्रह केंद्रातल्या लोकांचाही आपला एक हॅम क्लब आहे. ५ मे २००५ला पीएसएलव्ही-सी६मधून हॅम लोकांसाठीचा हॅमसॅट वर गेला, त्यामागेही इथल्याच मंडळींची खटपट होती. मोटार रॅलीच्या जंगलातल्या टप्प्यांवर सेट घेऊन उभं राहण्याची सवय तर इथल्या जुन्या हॅमना फार आधीपासूनची. त्यामुळे आमच्या भागातल्या रहिवाशांनी सायकल राइड ठरवली, तेव्हा "तुमचे वायरलेसवाले येतील का?" हा प्रश्न ओघानं आलाच.

डिसेंबरातला रविवार. दोन मार्ग होते. मोठ्यांसाठी आगरा, सर्जापूर रोड, दोम्मसंद्रा, सर्जापूर आणि त्याच वाटेनं परत, असा सुमारे पन्नास किलोमीटरचा. मुलाबाळांसह येणाऱ्यांसाठी कोरमंगलाच्या ब्लॉकांमधून फिरणारा छोटा. आमचं कंट्रोल एका इमारतीच्या गच्चीवर: गाडीत बसवतात तसला सेट, १२ व्होल्टची बॅटरी, बांबूला बांधलेला तांब्याच्या नळीचा अँटेना आणि प्लॅस्टिकच्या टेबलावर लॉगची वही. गच्ची का, तर कोरमंगला सखल भागात आहे. शहराच्या या बाजूचं पाणी कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातून बेळ्ळंदूर तळ्याकडे उतरतं. आमचा नेहमीचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे जवळजवळ नजरेच्या रेषेत चालणारा. खोलगटात, दहामजली इमारतींच्या आड उभं राहून पाच वॉटच्या हातातल्या सेटवर बोललात, तर दोनेक किलोमीटरवरच्या माणसालासुद्धा निम्मं ऐकू येतं.

पहिली बातमी लांबच्या मार्गावरून आली, आणि ती आमच्या कामाची उत्तम जाहिरात ठरावी अशी होती. पुढे गेलेल्या मोटारसायकलवरच्या हॅमनं कळवलं की दोम्मसंद्र्याच्या पुढे गावकऱ्यांनी रस्त्यावर नाचणी पसरली आहे. डिसेंबर-जानेवारीत त्या बाजूला हे नेहमीचंच. गाड्यांच्या चाकांखाली मळणी आपोआप होते. मोटारीला त्याचं काही नसतं. सायकलच्या बारीक टायरला मात्र ओलसर काड काचेसारखं निसटतं, आणि सायकलस्वार पडला की सहसा खांद्यावर पडतो आणि गळ्याचं हाड मोडून घेतो. एकानं सांगितलं, वाटेवरच्या सगळ्यांनी एकदम ऐकलं. तीन ठिकाणांहून "कॉपीड" आलं आणि पहिला सायकलस्वार तिथं पोचायच्या आत संयोजकांनी वाटेवर नेमलेला एक मार्शल हात वर करून उभा होता. तिथं कोणी पडलं नाही.

यानंतर तासाभरानं छोट्या मार्गावरून आवाज आला, "कंट्रोल, रायडर डाउन, लहान मुलगा, फिफ्थ क्रॉस, गणेशा टेंपलजवळ, ओव्हर."

आमच्या नकाशावर छोटा मार्ग सहाव्या ब्लॉकातून जात होता, म्हणून ॲम्ब्युलन्स सहाव्या ब्लॉककडे निघाली. आदल्या रात्री एक रस्ता खोदलेला आढळला होता आणि संयोजकांनी मार्ग पाचव्या ब्लॉकात वळवला होता. नवा नकाशा मार्शल लोकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेला. त्या गटात आमच्यातलं कोणीच नव्हतं. हॅमकडे शुक्रवारचा नकाशा, मार्शलकडे शनिवारचा. गणपतीचं देऊळ म्हणाल, तर ते बंगळूरच्या कुठल्याही ब्लॉकात दोन गल्ल्यांआड असतंच.

ब्लॉक विचारण्यासाठी मी बटण दाबायला गेलो, तोच वाहिनी अडली. कोणाच्या तरी सेटचं बटण दाबलं गेलं होतं आणि दबलेलंच राहिलं होतं. वाऱ्याचा सूं आवाज, हॉर्न, मध्येच सिनेमातल्या गाण्याची गुणगुण. कमरेला सेट लावून मोटारसायकलवर बसलेला आमचाच एक गडी होता; सेट पट्टा आणि सीट यांच्यामध्ये चेपला गेला होता. अशा वेळी त्या माणसाला काही सांगताही येत नाही, कारण जो बोलतो आहे त्याचा सेट ऐकत नसतो. एफएमचा स्वभावही असा, की जोरकस सिग्नल दुबळ्या सिग्नलला गिळून टाकतो. मुलाजवळ उभा असलेला हॅम पुन्हा पुन्हा "फिफ्थ ब्लॉक, फिफ्थ ब्लॉक" सांगत होता, असं नंतर कळलं. आमच्यापर्यंत त्यातलं अक्षर पोचलं नाही.

शेवटी फोनानंच काम झालं. हनुवटीला टाके पडले, मूल ठीक होतं, दुपारी सायकल हवी म्हणून रडत होतं. वडील सज्जन, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "सर, तुमच्या सगळ्यांच्या हातात वायरलेस होते. ॲम्ब्युलन्स पलीकडच्या ब्लॉकात उभी आहे, हे मला एळनीरवाल्यानं सांगितलं." शहाळी विकणाऱ्या माणसाकडे त्या दिवशी आमच्यापेक्षा चांगली खबर होती, आणि हे नाकारता येण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून कोणी राइडला, मॅरेथॉनला किंवा पालखीला हॅमची मदत मागितली की मी सेटची चौकशी करत नाही, नकाशाची करतो. नकाशा कोण बदलू शकतो, केव्हापर्यंत, आणि बदल झाला तर आम्हाला कोण कळवणार? आदल्या संध्याकाळी सहानंतर मार्ग बदलायचा नाही, आणि बदलावाच लागला तर एकाच माणसानं सगळ्यांना फोन करून सांगायचं, असं आम्ही ठरवून घेतलं आहे. संयोजकांच्या गटात किमान एक हॅम असलाच पाहिजे. मिनिटाला चार 'गुड मॉर्निंग' येणाऱ्या गटात राहणं जिवावर येतं खरं, पण त्याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट ठिकाणांची. पत्ता बोलायचाच नाही, हा आमचा आता नियम आहे. मार्गावर साधारण अर्ध्या किलोमीटरला एक खूण ठरवतो आणि तिला क्रमांक देतो. छोट्या मार्गाला 'के', लांबच्या मार्गाला 'एस'. के-७ म्हणजे के-७, त्याला ब्लॉक नाही, क्रॉस नाही, देऊळ नाही. कागदी पट्ट्या रस्त्याकडेच्या झाडांना सुतळीनं बांधतो आणि राइड संपल्यावर सोडवून आणतो. खिळे नाहीत, गोंद नाही. खुणा ठरवण्याचं काम आदल्या रविवारी त्याच वेळी, सायकलवर बसूनच करावं. मोटारीतून पाहिलेला मार्ग आणि सायकलवरून पाहिलेला मार्ग यांत फार फरक पडतो: उतारावरचा जाळीचा नाला, वळणावरची वाळू, कुत्र्यांची टोळी कुठं बसते, हे काचेमागून दिसत नाही. हीच यादी ॲम्ब्युलन्सच्या चालकाला द्यायची, पण कानडीत, आणि प्रत्येक खुणेपुढे त्याच्या ओळखीचं ठिकाण लिहून. आमचे चालक बहुतेक रामनगर, मंड्याकडचे. त्यांच्या हातात इंग्रजी गूगल मॅपची लिंक देणं म्हणजे आपण कळवलं असं स्वतःचं समाधान करून घेणं. जमलं तर ॲम्ब्युलन्समध्ये चालकाशेजारी एक हॅम बसवावा. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मी गडबड मिटते.

अडकलेल्या बटणाचं औषध सेटमध्येच असतं आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. टाइम-आउट टायमर नावाची सोय अगदी स्वस्तातल्या हातसेटमध्येही मिळते. ती ६० सेकंदांवर लावली की मिनिटभरानं सेट आपोआप बोलणं थांबवतो. सकाळी हजेरी घेतानाच प्रत्येकाचा सेट हातात घेऊन हे तपासावं. विश्वासानं विचारू नये, बघावं. मोटारसायकलवर असणाऱ्यानं सेट कमरेला न लावता छातीवरच्या पट्ट्यात ठेवावा. पर्यायी फ्रिक्वेन्सीही आधीच ठरवून प्रत्येकाच्या कार्डावर लिहिलेली असावी. मुख्य वाहिनी दोन मिनिटं अडली तर कोणाच्या हुकुमाची वाट न बघता सगळ्यांनी तिकडे जायचं. ज्याचं बटण अडकलं आहे तो तिथं येत नाही, आणि न येणारा कोण हे हजेरीत लगेच कळतं.

रिपीटर, म्हणजे उंचावरून निरोप उचलून पुन्हा प्रसारित करणारं केंद्र, वापरावा की थेट बोलावं, यावर हॅम लोक तासभर भांडू शकतात, म्हणून थोडक्यात सांगतो. कोरमंगलाच्या आत थेट, गच्चीवरच्या कंट्रोलमार्फत. सर्जापूर रोडला लागलात की रिपीटर किंवा मधल्या उंचवट्यावर गाडी लावून निरोप पुढे देणारा माणूस. रिपीटरवर बटण दाबल्या दाबल्या बोलू नये, क्षणभर थांबावं. नाहीतर 'नो इंज्युरी'तला 'नो' उडतो आणि पलीकडे फक्त 'इंज्युरी' पोचते. सेटसोबत येणारा आखूड रबरी अँटेना बदलून लांब अँटेना लावला, तर चारपाचशे रुपयांत जो फरक पडतो तो महागड्या सेटनंही पडत नाही.

बोलण्याबद्दल मात्र थोडं विस्तारानं. आमच्या गटात कानडी, तमिळ, मलयाळी, हिंदी, मराठी सगळे. गडबडीच्या वेळी माणूस आपल्या भाषेत जातो. एकदा मी आणि माझा एक सोलापूरकर मित्र ऐन धामधुमीत चक्क मराठीत बोलू लागलो आणि बाकीचे कान देऊन बसले की हे काय शिजतं आहे. आम्ही दोघं सोडून कोणालाच काही कळलं नाही, म्हणजे रेडिओचा मूळ फायदाच गेला. आता हवेवर साधं इंग्रजी, आणि आकडे सुटे: 'फिफ्टीन' नाही, 'वन-फाइव्ह'. मराठीत तर एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला एकच वाटतात; तुमची राइड साताऱ्यात असो की सांगलीत, आकडे 'पाच-नऊ', 'सहा-नऊ' असेच बोला. निरोपाचा क्रम ठरलेला: कुठं, सायकलस्वाराचा बिब, म्हणजे अंगावर लावलेला, क्रमांक, शुद्धीवर आहे का, काय हवं. नाव सांगायचं नाही. हॅमचं बोलणं उघडं असतं, शहरातला कोणीही ऐकू शकतो. जखमी माणसाच्या बायकोला ती बातमी रेडिओच्या छंदातल्या शेजाऱ्याकडून कळू नये.

आमची सर्वांत मोठी डोकेदुखी अपघातांची नसते. ती असते हरवलेल्या सायकलस्वारांची, आणि ते बहुतेक वेळा हरवलेले नसतात. शेवटच्या सायकलस्वारामागून येणारी गाडी परत पोचते, मोजणी करतो, एक कमी. मग साऱ्या मार्गावर शोधाशोध. आणि हे गृहस्थ एखाद्या दर्शिनीत इडली-वडा संपवून, दुसरी कॉफी घेऊन घरी जाऊन झोपलेले असतात. बिबच्या मागे कंट्रोलचा फोन नंबर छापा आणि सुरुवातीच्या सूचनांत एकच वाक्य तीनदा सांगा: मधूनच घरी जायचं असेल तर फोन करून जा. बाकी सूचना लोक विसरले तरी चालतील.

एक प्रश्न हमखास येतो. एवढं सगळं फोनावर होत असताना हे कशाला? तो प्रश्न रास्त आहे, विशेषतः त्या मुलाचं काम शेवटी फोनानंच झालं हे मीच सांगितल्यावर. फोन एकाला एक असतो. नाचणीची बातमी फोनावरून द्यायची तर वाटेवरच्या प्रत्येकाला वेगळा फोन लावावा लागला असता. आणि फोनवर गर्दी झाली की तो बसतो. १५ एप्रिल २०१३ला बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यावर बॉम्ब फुटले, तेव्हा मोबाइलचं जाळं कोलमडल्यासारखं झालं; मार्गावर वैद्यकीय तंबूंशेजारी आधीपासून बसलेले हॅम मात्र निरोप देत राहिले. ते तिथं बॉम्बसाठी आलेले नव्हते, धावणाऱ्यांच्या पायात येणाऱ्या पेटक्यांसाठी आले होते. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत अंदमानचे फोन गेले, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला होते ते जगभरच्या हॅमशी संपर्क साधण्याच्या छंदासाठी. सेट लावलेले होते, हात बसलेला होता, म्हणून बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळू लागली.

आता कायद्याचं. हौशी रेडिओला परवाना लागतो आणि तो परीक्षा देऊन मिळतो. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग तो देते. वय १२ पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे; जनरलला मोर्स यावं लागतं. परवान्याबरोबर तुमचं स्वतःचं कॉल साइन, म्हणजे हवेवरची ओळख, येतं, व्हीयू२ किंवा व्हीयू३नं सुरू होणारं. परवाना नसलेल्या उत्साही स्वयंसेवकाच्या हातात हॅमचा सेट देऊन "फक्त बटण दाबून बोल" म्हणणं बेकायदा आहे, मग काम कितीही सत्कार्याचं असो. ऑनलाइन दोनेक हजारांत मिळणारे सेट घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. मे २०२५मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन मंचांना १३ नोटिसा धाडल्या, त्या काही उगाच नाहीत. परवान्याशिवायच काम भागवायचं असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे मान्यताप्राप्त सेट घ्या. गल्लीतल्या गल्लीत पार्किंग सांभाळायला ते पुरतात.

परवान्याशी निगडित आणखी एक गोष्ट प्रायोजकांना सुरुवातीलाच सांगून ठेवावी: हॅम मोबदला घेत नाही आणि धंद्याचे निरोप पोचवत नाही. एका राइडला प्रायोजकाच्या माणसानं, टी-शर्टचे खोके कुठं अडकले ते रेडिओवर विचारा, म्हणून तगादा लावला. नाही म्हणायला जड जातं, कारण केळी आणि पाणी त्याचंच असतं. तरी नाही म्हणावं.

स्वतःच्या सोयीबद्दल दोनच शब्द: पाणी आणि टोपी जवळ ठेवा, बॅटऱ्या आदल्या रात्री भरा, आणि जिथं उभे राहाल तिथलं स्वच्छतागृह आधी हेरून ठेवा. महिला स्वयंसेविकांसाठी ही शेवटची गोष्ट संयोजकांनीच बघितली पाहिजे. ती बघितली जात नाही म्हणून चांगल्या ऑपरेटर पुढच्या वर्षी येत नाहीत.

माणसं आम्हाला नेहमीच कमी पडतात. ज्यांच्याकडे परवाना नाही पण हौस आहे, त्यांनी सेट विकत घेण्याची घाई करू नये. पहाटे साडेचारला उठायची तयारी असेल तर कंट्रोलच्या टेबलावर या आणि लॉग लिहा: वेळ, कोण बोललं, कुठून, काय. त्या डिसेंबरच्या रविवारी वही एका कॉलेजातल्या मुलीकडे होती. "फिफ्थ क्रॉस" ऐकल्याबरोबर तिनं पुढे 'ब्लॉक?' असं लिहून त्याला गोल केला होता, आम्ही ॲम्ब्युलन्सला निघ म्हणायच्या आधी. पुढे ती परीक्षा पास झाली, आता तिचं स्वतःचं कॉल साइन आहे. मात्र तिच्यासारखा लॉग लिहिणारं दुसरं कोणी आम्हाला अजून मिळालेलं नाही.